दोन डॉलर तेरा सेंट आणि टिप: ह्यूस्टनमधल्या एका पगारपत्रकाचा हिशेब

मंगळवार ते रविवार, सहा दिवस, ४७ तास काम. आठवड्याच्या शेवटी हातात आलेला पगाराचा चेक, कर कापण्याआधी, ५४ डॉलर ६० सेंट. त्याच आठवड्यात टिपेचे ५१५ डॉलर २ सेंट मिळाले. दोन्ही मिळून ५६९ डॉलर ६२ सेंट, म्हणजे तासाला साधारण १२ डॉलर १२ सेंट. अमेरिकेतलं संघराज्याचं किमान वेतन तासाला ७ डॉलर २५ सेंट आहे. मग मालकाचं चुकलं कुठे?

या प्रकरणात मालकाचं सात ठिकाणी चुकलं आहे. त्यातल्या काही चुका अगदी लहान दिसतात, पण त्यांची किंमत प्रचंड आहे. ती का, हे समजून घेण्यासाठी हे एकच पगारपत्रक शेवटपर्यंत सोडवून पाहू. हॉटेल आणि माणसं नमुन्यादाखल घेतली आहेत. दर, कलमं आणि निकाल खरे आहेत. ठिकाण टेक्सासमधलं ह्यूस्टन, हिलक्रॉफ्ट भागातल्या भारतीय हॉटेलांसारखं एक मध्यम हॉटेल. टेक्सासच निवडण्याचं कारण म्हणजे या राज्याने स्वतःचा वेगळा दर न ठरवता संघराज्याचाच दर स्वीकारला आहे, त्यामुळे हिशेब एकाच कायद्यावर चालतो. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मोंटाना, मिनेसोटा आणि अलास्का या सात राज्यांत टिप मिळो न मिळो, मालकाला पूर्ण किमान वेतन स्वतःच्या खिशातून द्यावं लागतं. तिथे खालचा बराचसा हिशेब लागूच होत नाही.

आठवड्याचा कच्चा हिशेब

मंगळवार, बुधवार, गुरुवार प्रत्येकी ७ तास. शुक्रवार ८, शनिवार १०, रविवार ८. एकूण ४७. शनिवारचे पहिले दोन तास वेटर हॉलमध्ये नव्हताच. एका लग्नाच्या ऑर्डरचे ट्रे भरायला आणि गाडीत चढवायला त्याला स्वयंपाकघरात घेतलं होतं.

मालकाने काढलेला पगार असा: पहिले ४० तास २.१३ दराने ८५.२० डॉलर. पुढचे ७ तास "दीडपट" म्हणून ३.२० दराने २२.४० डॉलर. बेरीज १०७.६०. त्यातून गणवेशाचा हप्ता १५ डॉलर आणि रविवारी बिल न देता निघून गेलेल्या टेबलाचे ३८ डॉलर वजा. उरले ५४.६०.

टिप एकूण ६३० डॉलर जमली, ११८ रोख आणि ५१२ कार्डावर. कार्डाच्या टिपेवर हॉटेलने सरसकट ४ टक्के, म्हणजे २०.४८ डॉलर कापले, जरी कार्ड कंपनीचा प्रत्यक्ष आकार सरासरी २.६ टक्के होता. मग एकूण टिपेच्या १५ टक्के वाटणीत गेले: टेबल आवरणाऱ्याला ६ टक्के (३७.८०), बारवाल्याला ३ टक्के (१८.९०), तंदूरवर काम करणाऱ्या कुकला ४ टक्के (२५.२०) आणि फ्लोअर मॅनेजरला २ टक्के (१२.६०). वेटरकडे राहिले ५१५.०२.

मालकाचा युक्तिवाद आणि त्यातली मूळ गफलत

मालक म्हणतो, पोराला तासाला बारा डॉलर पडले, किमान सव्वासात आहे, म्हणजे कायद्यापेक्षा जास्तच मिळालं. हा युक्तिवाद बहुतेक मालक मनापासून करतात. गणितात चूक नाही. चूक आहे ती टिप कोणाची आणि पगार कोणी द्यायचा, या समजुतीत.

टिप ही ग्राहकाने वेटरला दिलेली, वेटरच्या मालकीची रक्कम आहे. किमान वेतन हे मालकाचं देणं आहे. एकाच्या पैशाने दुसऱ्याचं देणं फिटत नाही, हा साधा नियम. अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने १९६६ साली या नियमाला एक अपवाद केला. दर महिन्याला ठरावीक रकमेपेक्षा (आजच्या नियमाने ३० डॉलर) जास्त टिप नेहमी मिळणाऱ्या कामगाराच्या बाबतीत त्याच्या टिपेचा काही भाग मालकाने आपल्या देण्यात जमा धरायचा. याला टिप क्रेडिट म्हणतात. सुरुवातीला ही सूट किमान वेतनाच्या ठरावीक टक्क्यांत होती. १९९१ मध्ये किमान वेतन ४.२५ झालं, तेव्हा निम्मं म्हणून रोख पगार २.१३ ठरला. १९९६ च्या दुरुस्तीने हा आकडा किमान वेतनापासून सोडवून तिथेच गोठवला. किमान वेतन २००९ पर्यंत वाढत वाढत ७.२५ वर गेलं, २.१३ मात्र १९९१ पासून हललेलं नाही. दोन्हींतला फरक ५.१२ डॉलर, हीच आज मालकाला तासामागे मिळू शकणारी जास्तीत जास्त सूट.

ही सूट सशर्त आहे आणि या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. अट मोडली की सूट थोडी कमी होत नाही, पूर्ण जाते. मग वेटरला किती टिप मिळाली हा प्रश्नच उरत नाही. पंधरा डॉलर मिळो की पन्नास, मालकाचं ७.२५ चं देणं जसंच्या तसं उभं राहतं. म्हणून बारा डॉलर बारा सेंट हा आकडा न्यायालयात काहीच वाचवत नाही.

"आमचं हॉटेल लहान आहे, आम्हाला हा कायदा लागू नाही" हेही कानावर येतं. वर्षाची उलाढाल पाच लाख डॉलर असली की आस्थापना म्हणून कायदा लागू होतो. त्याखाली असलं तरी राज्याबाहेरच्या बँकांची कार्डं फिरवणारा वेटर व्यक्तिशः कायद्याखाली येतोच. कार्ड न घेणारं हॉटेल आज सापडणं कठीण आहे.

पहिली चूक: सांगितलंच नाही

नोकरीवर घेताना वेटरला इतकंच सांगितलं होतं, "दोन तेरा आणि टिप, सगळीकडे असंच असतं." हे पुरत नाही. सूट वापरण्याआधी मालकाने पाच गोष्टी कळवायच्या असतात: रोख पगार किती देणार, टिपेतून किती रक्कम जमा धरणार, ती रक्कम प्रत्यक्ष मिळालेल्या टिपेपेक्षा जास्त असणार नाही, वैध वाटणीचा भाग सोडून सगळी टिप कामगाराकडेच राहील, आणि हे सगळं कळवल्याशिवाय सूट लागू होणार नाही. तोंडी सांगितलं तरी संघराज्याच्या नियमाला चालतं. पण सांगितलं हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते आणि तीन वर्षांपूर्वीचं तोंडी बोलणं कोणी कसं सिद्ध करणार? एका पानाचा मराठी, हिंदी, गुजराती, स्पॅनिश, जी भाषा कामगाराला कळते त्या भाषेतला कागद, खाली सही आणि तारीख. दहा मिनिटांचं काम आहे. या एका कागदाअभावी बाकी सगळं नीट चालवणाऱ्या मालकाचीही पूर्ण सूट जाऊ शकते.

दुसरी आणि तिसरी: वाटणीत मॅनेजर आणि तंदूर

टिपेची सक्तीची वाटणी बेकायदेशीर नाही. टेबल आवरणारा, पाणी देणारा, बारवाला यांना वेटरच्या टिपेतून भाग देणं चालतं आणि संघराज्याच्या नियमात त्या टक्केवारीवर कमाल मर्यादाही नाही. ६ टक्के कापले की १६, हा करार आणि न्यायाचा प्रश्न आहे. वाटणीत कोण आहे, हा मात्र कायद्याचा प्रश्न.

मॅनेजर कधीच नाही. २०१८ च्या मार्चमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केलेल्या दुरुस्तीपासून मालक, मॅनेजर आणि सुपरवायझर यांना कामगारांच्या टिपेतला एक सेंटही ठेवता येत नाही, मालक पूर्ण वेतन देत असला तरीही. मॅनेजर कोण हे बिल्ल्यावरच्या हुद्द्यावरून ठरत नाही, कामावरून ठरतं: मुख्य काम हॉटेल किंवा त्याचा एखादा विभाग चालवण्याचं आहे का, दोन किंवा अधिक पूर्णवेळ माणसांना तो नेहमी कामं लावतो का, आणि नेमण्या-काढण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे का, किंवा त्याच्या शिफारशीला वजन आहे का. तिन्हींना होकार आला तर तो मॅनेजर. फक्त पाहुण्यांना बसवणारा आणि ऑर्डर घेणारा "कॅप्टन" या व्याख्येत बसेलच असं नाही. उलट हॉटेलमध्ये २० टक्के भागीदारी असलेला आणि रोजच्या कारभारात हात असलेला मालकाचा मेहुणा, एप्रन बांधून टेबलावर नान वाढत असला तरी मॅनेजरच्याच बाजूला मोजला जातो. घरच्या माणसांवर चालणाऱ्या हॉटेलांत ही गफलत फार होते. मॅनेजरने एखादं टेबल स्वतः एकट्याने पूर्ण सांभाळलं, तर त्या टेबलाने त्याला थेट दिलेली टिप तो ठेवू शकतो. सवलत एवढीच.

तंदूरवाल्याचा प्रश्न वेगळा आहे आणि माणुसकीच्या दृष्टीने जास्त अवघड. उन्हाळ्यात ह्यूस्टनमध्ये तंदूरसमोर उभं राहणाऱ्याने टिपेतला वाटा मागणं चुकीचं नाही. पण नियम असा आहे की मालक सूट वापरत असेल, तर वाटणीत फक्त नेहमी टिप मिळणाऱ्या कामाचेच लोक असावेत. कुक आणि भांडी घासणारे यांना घ्यायचं असेल तर मालकाने सूट सोडून सगळ्यांना पूर्ण ७.२५ रोख द्यावे लागतात. २.१३ वर ठेवलेल्या वेटरच्या टिपेतून कुकला देणं म्हणजे कुकची पगारवाढ वेटरकडून काढणं, आणि तेच इथे रोखलेलं आहे.

मधल्या जागाही आहेत. ग्राहकासमोर उभा राहून त्याच्याशी बोलत डोसा घालून थेट ताटात देणारा काउंटरवरचा माणूस टिपेच्या वाटणीत बसू शकतो. काचेमागे दिसणारा पण ग्राहकाशी संबंध नसणारा तंदूरवाला बसत नाही. ह्यूस्टनच्याच एका हॉटेलमधून असा प्रश्न पाचव्या सर्किटच्या, म्हणजे टेक्सास आणि शेजारच्या दोन राज्यांसाठीच्या संघराज्याच्या, अपील न्यायालयात गेला होता, वादाचा विषय होता कॉफी तयार करणारा माणूस. मोंटानो विरुद्ध मोंट्रोज रेस्टॉरंट असोसिएट्स या २०१५ च्या निकालात न्यायालयाने हुद्दा बाजूला ठेवला आणि प्रत्यक्ष काम पाहायला सांगितलं: ग्राहकाचा याच्याशी किती संबंध येतो, आणि टिप देताना याच्या कामासाठीही ती दिली असं मानता येतं का. वाटणीची यादी करताना प्रत्येक नावापुढे हे दोन प्रश्न लिहून उत्तर भरावं.

चौथी: कार्डाचे चार टक्के

कार्डावर आलेल्या टिपेवर कार्ड कंपनी जे कापते, तेवढंच प्रमाणात कामगाराकडून घेता येतं. आपल्या प्रकरणात ५१२ वर २.६ टक्के, म्हणजे १३.३१ डॉलर. हॉटेलने घेतले २०.४८. जास्तीचे ७.१७.

सात डॉलरवरून खटला होतो का? होतो. ह्यूस्टनच्याच एका स्टेकहाऊस समूहाच्या प्रकरणात, स्टील विरुद्ध लीझिंग एंटरप्रायझेस, हॉटेल कार्डाच्या टिपेवर ३.२५ टक्के कापत होतं. त्यांचं म्हणणं, वेटरना त्यांची टिप रोजच्या रोज रोखीत देतो, त्यासाठी आठवड्यातून तीनदा चिलखती गाडीतून रोकड मागवावी लागते, तो खर्च धरला तर आमचाच तोटा होतो. पाचव्या सर्किटने २०१६ मध्ये ते मान्य केलं नाही. कार्ड कंपनीचा आकार टाळता येत नाही, तो चालेल. रोकड कशी आणि कधी मागवायची हा धंद्याचा निर्णय आहे आणि त्याचा खर्च टिपेतून काढता येत नाही. टेक्सास, लुईझियाना आणि मिसिसिपी या तिन्ही राज्यांना हा निकाल बांधील आहे.

सोय म्हणून गोल आकडा लावायचा मोह असेल तर तो प्रत्यक्ष आकारापेक्षा खालचा लावावा. आणि कार्डाचे पैसे बँकेत जमा व्हायचे आहेत म्हणून टिप अडवून ठेवता येत नाही. नेहमीच्या पगाराच्या दिवसापर्यंत ती द्यावीच लागते.

पाचवी: गणवेश आणि पळालेलं टेबल

मालक ५.१२ ची पूर्ण सूट वापरतो, तेव्हा कायद्याच्या हिशेबात वेटरला बरोबर ७.२५ मिळत असतात, एक सेंट वर नाही. त्यामुळे फुटलेला ग्लास, गल्ल्यातली तूट, न भरलेलं बिल यापैकी काहीही कापलं की पगार किमान वेतनाखाली जातो. टेक्सासमध्ये कपातीसाठी कामगाराची लेखी संमती लागते आणि काही मालक नोकरीच्या पहिल्याच दिवशी तशी सही घेऊन ठेवतात. त्या सहीने संघराज्याचं किमान वेतन खाली आणता येत नाही. "पगारातून नको, टिपेतून कापतो" हा मार्गही बंद आहे, कारण टिप वेटरची.

गणवेशाचंही तेच. काळी पँट आणि पांढरा शर्ट घालून ये एवढंच सांगितलं तर ते रोजचे कपडे, वेटरने स्वतः घ्यावेत. हॉटेलचं नाव असलेलं जरीकाठी जाकीट हा गणवेश आहे आणि त्याचा खर्च या वेटरच्या पगारातून वसूल करता येत नाही.

सहावी: दीडपट कशाची

नेहमी आढळणारी आणि सहज टाळता येणारी चूक ही आहे. मालकाने २.१३ ची दीडपट केली, ३.२० आली. दीडपट करायची असते पूर्ण किमान वेतनाची. ७.२५ गुणिले १.५ म्हणजे १०.८७५. त्यातून ५.१२ ची सूट वजा केली की ५.७५५, सेंटात ५.७६. चाळीस तासांनंतर सूट वाढत नाही, तेवढीच राहते. सात तासांचे ४०.३२ व्हायला हवे होते, दिले २२.४०. फरक १७.९२. पगाराचं सॉफ्टवेअर वापरलं तरी ही चूक राहते, कारण मूळ दर म्हणून २.१३ भरला की ते त्याचीच दीडपट काढतं. टिप मिळणारा कर्मचारी अशी वेगळी नोंद तिथे करावी लागते.

सातवी: शनिवारचे दोन तास

टिप क्रेडिट माणसाला लागत नाही, कामाला लागतं. एकाच माणसाकडे दोन वेगळी कामं असतील तर बिनटिपेच्या कामाच्या तासांना पूर्ण ७.२५ द्यावे लागतात. टेबल पुसणं, चमचे गुंडाळून ठेवणं, कॉफी करणं, अधूनमधून ग्लास विसळणं हे वेटरच्या कामाचाच भाग धरलं जातं. लग्नाच्या ऑर्डरचे ट्रे भरून गाडीत चढवणं नाही. हे दोन तास आठवड्यातले तिसावा आणि एकतिसावा होते, म्हणजे चाळीसच्या आतले. त्यामुळे फरक २ गुणिले ५.१२, १०.२४ डॉलर.

इथे जुनी माहिती फिरत असते. डिसेंबर २०२१ मध्ये कामगार खात्याने नियम केला होता की पूरक काम २० टक्क्यांपेक्षा जास्त किंवा सलग ३० मिनिटांपेक्षा जास्त झालं तर त्या वेळेला सूट नाही. पाचव्या सर्किटने २३ ऑगस्ट २०२४ रोजी तो रद्द केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खात्याने जुना मजकूर परत आणला. आता मिनिटं मोजणारा तो नियम नाही, पण दोन वेगळी कामं हा फरक कायम आहे. "नियम गेला, आता वेटरकडून काहीही करून घ्या" असा अर्थ काढणारे मालक शनिवारच्या दोन तासांसारख्या ठिकाणीच अडकतात.

किती वाचले आणि किती लागले

या आठवड्यात मालकाच्या बाजूला किंवा वेटरच्या हातून जे गेलं ते मोजू. मॅनेजर १२.६०, तंदूर २५.२०, कार्ड ७.१७, गणवेश आणि टेबल ५३, ओव्हरटाइम १७.९२, शनिवार १०.२४. एकूण १२६ डॉलर १३ सेंट.

आता अटी मोडल्यामुळे सूट गेली असं धरून देणं काढू. ४० तासांचे ७.२५ ने २९०, ७ तासांचे १०.८७५ ने ७६.१३. एकूण ३६६.१३. कपातीनंतर प्रत्यक्ष दिलेला पगार ५४.६०. तूट ३११.५३. त्यावर मॅनेजर, तंदूर आणि कार्डात गेलेली टिप ४४.९७. झाले ३५६.५०. कायदा याच्याइतकीच रक्कम नुकसानभरपाई म्हणून वर देतो. आपण प्रामाणिकपणे आणि वाजवी आधारावर वागलो हे मालकाने न्यायालयाला पटवलं तरच ती माफ होऊ शकते. ते पटलं नाही तर एका आठवड्याचे ७१३ डॉलर. दावा दोन वर्षं मागे जातो, जाणूनबुजून केलं असं ठरलं तर तीन. वर्षाचे ५० आठवडे धरले तरी दोन वर्षांचे ७१,३०० डॉलर, एका वेटरचे, त्याच्या वकिलाची फी वेगळी. हॉटेलात सहाजण त्याच पद्धतीवर असतील तर सहापट.

मंदीचा आठवडा

वरच्या आठवड्यात टिप भरपूर होती, म्हणून एक अट दिसलीच नाही. समजा थंडीच्या लाटेत हॉटेल ओस पडलं. ३० तास काम, वाटणीनंतर टिप १२० डॉलर. तासाला ४. २.१३ अधिक ४ म्हणजे ६.१३. ७.२५ ला १.१२ कमी पडले. ३० तासांचे ३३.६० मालकाने खिशातून भरायचे. हा हिशेब आठवड्याचा आठवड्याला होतो. पगार पंधरवड्याला होत असला तरी पुढच्या आठवड्याच्या भरघोस टिपेने मागची तूट भरून काढता येत नाही. अनेक हॉटेलांत ही भर कधीच पडत नाही, कारण वेटरला ती मागता येते हेच ठाऊक नसतं.

सर्व्हिस चार्ज लावला तर

आठपेक्षा जास्त पाहुणे असतील तर बिलात १८ टक्के सक्तीने जोडायचे, हा मार्ग मालक सुचवतात. ग्राहकाला नाही म्हणता येत नाही आणि रक्कम त्याने ठरवलेली नाही, त्यामुळे ती टिप नव्हे, हॉटेलची मिळकत आहे. ती वेटरना वाटली तर तो पगार. रोख २.१३ ची अट त्यातून भागवता येते, पण मग ओव्हरटाइमच्या मूळ दरातही ती धरावी लागते. शिवाय ४ जुलै २०२५ च्या करकायद्याने २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी टिपेवर वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत आयकरातून जी वजावट दिली, ती फक्त ग्राहकाने स्वेच्छेने दिलेल्या टिपेला आहे. सक्तीच्या आकाराला नाही. सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्यविमा) यांचा कर दोन्हींवर लागतोच. म्हणून महिन्याला २० डॉलर किंवा जास्त टिप मिळाली की पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मालकाला लेखी कळवणं वेटरने सोडू नये. रोख टिप लपवणाऱ्याचं नुकसान तक्रारीच्या वेळी होतं, तेव्हा तीच नोंद पुरावा म्हणून हवी असते.

वेटरने काय करायचं

भारतातून आलेल्या मुलांना हा कायदा विचित्र वाटतो, कारण तिकडे टिपेला पगारात जमा धरण्याची पद्धतच नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आयटीसीच्या करप्रकरणात टिप म्हणजे मालकाने दिलेला पगार नव्हे असंच म्हटलं. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या हॉटेलातून आलेला वेटर "टिप वर, पगार वेगळा" असं धरून चालतो आणि २.१३ ऐकून गोंधळतो. पहिलं काम वहीचं. रोजची आल्या-गेल्याची वेळ, दुपारी हॉटेल बंद असताना बाहेर जाता आलं की टेबल लावत थांबावं लागलं, रोख टिप, कार्डाची टिप, कोणाला किती दिली. मोबाइलवर टिपेच्या अहवालाचा फोटो. न्यायालयात मालकाच्या नोंदी अपुऱ्या ठरल्या तर कामगाराचा असा वाजवी अंदाज ग्राह्य धरला जातो.

तक्रार संघराज्याच्या कामगार खात्याच्या वेतन आणि तास विभागाकडे करता येते. ती फुकट असते आणि तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवलं जातं. टेक्सास वर्कफोर्स कमिशन या राज्याच्या कामगार यंत्रणेकडेही वेतनदावा करता येतो, पण पगार देय झाल्यापासून १८० दिवसांत. ही मुदत अनेकांची हुकते. तिसरा मार्ग थेट खटल्याचा.

विद्यार्थी व्हिसावर असताना कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम करणं नियमबाह्य आहे आणि त्याचे परिणाम गंभीर असतात, हे लपवून चालणार नाही. पण केलेल्या तासांचं किमान वेतन व्हिसावर अवलंबून नाही. "तक्रार केलीस तर इमिग्रेशनला कळवीन" ही धमकी म्हणजे सूड आणि कायद्याने तो स्वतंत्र गुन्हा धरला आहे. अशा स्थितीतल्या मुलाने तक्रारीआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोलावं.

मालकाने हॉटेल कसं सावरायचं

दोन मार्ग आहेत. एक, सूट पूर्ण सोडायची. सगळ्यांना रोख ७.२५, मग तंदूरवाला वाटणीत येऊ शकतो, मॅनेजर तरीही नाही. प्रत्येक ४७ तासांच्या वेटरमागे आठवड्याला २४०.६४ डॉलर जास्त लागतील. स्वयंपाकघरात माणसं टिकत नसतील तर हा खर्च वाया जात नाही.

दुसरा, सूट ठेवायची आणि अटी पाळायच्या. पाच मुद्द्यांचा सही केलेला कागद. पगाराच्या नोंदीत टिप मिळणारे कर्मचारी खुणेने वेगळे, त्यांची कळवलेली टिप, तासाला किती सूट धरली ती रक्कम आणि बिनटिपेच्या कामाचे तास स्वतंत्र. पगाराच्या नोंदी तीन वर्षं, वेळेची कार्डं दोन वर्षं जपायची. मागच्या आठवड्यांची थकबाकी काढताना वेटरला रोकड हातात देऊन "आता काही मागणं नाही" अशी सही घेण्यात अर्थ नाही. संघराज्याचा किमान वेतनाचा हक्क अशा खाजगी कागदाने सहसा सोडता येत नाही. कामगार खात्याच्या देखरेखीखाली थकबाकी दिली तर दावा खात्रीने मिटतो.

त्याच ४७ तासांचं दुरुस्त पगारपत्रक असं दिसेल. हॉलमधले ३८ तास २.१३ ने ८०.९४. स्वयंपाकघरातले २ तास ७.२५ ने १४.५०. जादा ७ तास ५.७६ ने ४०.३२. पगार १३५.७६, कपात काही नाही. टिप ६३०, त्यातून टेबल आवरणारा आणि बार यांचे ५६.७०, कार्डाचे १३.३१. राहिले ५५९.९९. वेटरच्या हातात एकूण ६९५ डॉलर ७५ सेंट. तंदूरवाल्याचे २५.२० आणि मॅनेजरचे १२.६० गल्ल्यातून, पगार म्हणून.